उघडी पिशवी

रामकली काम सोडून गेली आणि तिच्या जागी विश्वास लागला. पिपलानीच्या कारखाना-वसाहतीतल्या त्या गल्लीत कामाची माणसं बदलणं काही नवं नव्हतं. नवं एवढंच, की विश्वास हा घरातल्या बाईचा नवरा होता. म्हणजे आता नव्हता. कोर्टानं दोघांना मोकळं करूनही बरेच उन्हाळे झाले होते.

कोर्टानं मोकळं करताना सुनंदाला मुलगी, कांचन, दिली आणि विश्वासला मुलीच्या पोटापाण्याचे चार हजार लावून दिले. तो ते नेमानं द्यायचा. मंडीदीपला एका कारखान्यात ठेकेदाराकडे क्रेनखाली माल बांधायचं काम करायचा, मिसरोदला खोली घेऊन राहायचा, आणि पगार झाला की सायकलवर येऊन पाकीट फाटकाच्या खिळ्याला अडकवून जायचा. ते पाकीट सुनंदाच्या हातात ऊब धरायच्या आत रामकलीच्या पदरात जाई. कांचनचं पोट भरे ते सुनंदाच्या शिलाईवर. आनंद नगरला शाळेचे गणवेश शिवायचा एक कारखाना होता, तिथं ती जायची. आणि तिला तिथं जाता यावं म्हणून घरी अण्णांना उलटंपालटं करायला कुणीतरी लागे.

अण्णा म्हणजे सुनंदाचे वडील, गजानन ठोंबरे. मोठ्या कारखान्यातले टर्नर. क्वार्टर त्यांच्या नावावर. आदल्या हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, आणि वाचा गेली ती एक शब्द मागे ठेवून. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. सगळी भाषा पुसली जाते, एखादा शब्द चिकटून राहतो. कुणाच्या जिभेवर देवाचं नाव राहतं. अण्णांच्या जिभेवर ‘हलकट’ राहिलं. भूक लागली की हलकट. अंथरूण ओलं झालं की हलकट. नातीला मायेनं जवळ बोलवायचं असलं तरी डावा हात पसरून, हलकट.

त्यांची पगारी रजा संपून बिनपगारी सुरू झाली होती. निवृत्ती दिवाळीनंतर. तोवर क्वार्टर राहील, मग फंडाचे पैसे येतील, मग कुठंतरी खोली बघता येईल. तोवर अण्णा बरे होत आहेत असंच कंपनीला कळत राहणं घराच्या सोयीचं होतं. कुणी येऊन त्यांना आडवं पाहिलं असतं तर ‘अनफिट’चा शिक्का बसला असता आणि सामान रस्त्यावर. म्हणून सुनंदाला एवढंच पाहायचं होतं: दिवाळीपर्यंत अण्णा घरात, स्वच्छ आणि बिनबोभाट राहिले पाहिजेत.

आणि एप्रिलच्या शेवटी फाटकाच्या खिळ्याला पाकीट आलं नाही. विश्वास स्वतःच आला.

भर दुपारी. सायकल पेरूच्या झाडाला टेकवून उभा राहिला. शर्ट पाठीला चिकटलेला, ओठ सोललेले.

“ठेका गेला,” तो म्हणाला.

“कुणाचा?”

“आमचा. नव्या ठेकेदारानं आपली माणसं आणली. आम्हाला गेटवरूनच परत लावलं.”

“मग पैसे?”

“नाहीत.”

“कधी येतील?”

“दारोदार फिरतोय, सुनंदा. खोलीचं भाडं राहिलं म्हणून मालक पंखा काढून घेऊन गेला. छताला नुसता हूक आहे.”

“मी पंख्याचं विचारलं का?”

विश्वासनं पेरूच्या झाडाकडं पाहिलं. झाडाला काही नव्हतं.

सुनंदानं घटस्फोटानंतर ‘अहो’ सोडलं होतं, पण ‘तुम्ही’ सुटलं नव्हतं. मनात ती त्याला कोर्टाच्या कागदातल्यासारखं ‘अनावेदक’, म्हणजे विरुद्ध बाजूचा, म्हणायची. अनावेदकाला कोर्टात खेचता आलं असतं. पण खेचलं असतं तर आत टाकलं असतं, आणि आत टाकलेला माणूस अण्णांची कूस बदलत नाही. रामकलीनं सकाळीच आपल्या कोंबड्या टोपलीत भरल्या होत्या. “दीदी, पैसा नहीं तो अपन भी नहीं,” एवढं म्हणून ती गेली होती. मागच्या अंगणातली पत्र्याची शेड रिकामी पडली होती. त्या गल्लीत प्रत्येकाच्या मागं अशी शेड होती. तिच्यात एखादं कुटुंब फुकट राहायचं आणि बदल्यात घरातली कामं करायचं. भाडं नाही, पगार अर्धा. कंपनीला ती शेड दिसत नसे, कारण साहेबांच्याही मागं होती.

“पैसे नाहीत, पण हात आहेत ना?” सुनंदा म्हणाली.

“आहेत.”

“मागची शेड रिकामी आहे. अण्णांचं सगळं करायचं. सगळं म्हणजे सगळं. भांडी, फरशी, सकाळी पाणी येतं तेव्हा भरायचं. तेवढे चार हजार फिटले समजेन.”

“मी इथं राहू?”

“इथं नाही. मागं.”

तो हसेल असं तिला वाटलं. तो म्हणाला, “लोकांना काय सांगायचं?”

“लोक कामवाल्याला नाव तरी विचारतात का?”

ते खरंच होतं. बदल्या होऊन गल्ली निम्मी नवी झाली होती. जे लग्नाचं जेवण जेवले होते, ते निवृत्त होऊन नागपूरला परतले होते. राहिले होते एकटे नरहरकाका, निवृत्त फोरमन, मुलाच्या क्वार्टरमध्ये राहणारे. त्यांनी विश्वासला पहिल्याच दिवशी ओळखलं. पण ओळख दाखवली तर घरी बोलावून चहा पाजावा लागेल, म्हणून दाखवली नाही.

संध्याकाळी विश्वास मिसरोदहून आपलं सामान आणायला निघाला. दारात थांबला आणि हातातली रिकामी पिशवी दोन्ही कानांना धरून सुनंदापुढं उघडी केली.

“हे काय?”

तो ओशाळला. “सवय.”

ती सवय सुनंदाला माहीत होती. कारखान्यात पाळी सुटली की गेटवर शिपाई उभा असतो. पिशवी उघडायची, डब्याचं झाकण काढायचं, आत तांब्याची तार नाही हे दाखवायचं आणि मग बाहेर. इतकी वर्षं हे केल्यावर विश्वास कुठल्याही घरातून निघताना पिशवी उघडून धरायचा. दवाखान्यातून, देवळातून, एकदा तर भावाच्या मयताहून निघतानासुद्धा. पहिल्या दिवाळसणाला त्यानं अशीच सासऱ्यापुढं पिशवी धरली होती, आणि अण्णांचाही जन्म गेटवरच गेलेला, त्यांनीही न कळत मान वाकवून आत पाहिलं होतं. आत सासूनं दिलेला लाडवांचा डबा होता. “हां, चल,” अण्णा म्हणाले होते. तेव्हा सगळं घर हसून लोळलं होतं. अण्णा सगळ्यांत जास्त.

आता कुणी हसलं नाही. सुनंदा म्हणाली, “येताना मिठाची पुडी आणा.”

*

काम त्याला जमलं. जमायला नको होतं इतकं जमलं.

रामकली अण्णांना ओढायची. विश्वासनं पहिल्या दिवशी खाटेभोवती दोनदा फिरून अण्णांकडं असं पाहिलं, की जणू ते मोठं यंत्र आहे आणि गाडीवर चढवायचं आहे. मग सुनंदाच्या गेलेल्या आईच्या जुन्या नऊवारीचे दोन पट्टे फाडले, एक खांद्याखाली, एक ढुंगणाखाली घातला, आणि “अण्णा, उचलतो हां, हात मोकळा सोडा,” म्हणत त्यांना अलगद कुशीवर घेतलं. पाठीला रुपयाएवढी जखम पडली होती. कडा काळ्या, मध्ये पिवळं. रामकलीनं ती सांगितली नव्हती, आणि सुनंदानं पाहिली नव्हती. विश्वासनं ती धुतली. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“हलकट,” अण्णा म्हणाले.

“हो अण्णा, आलोय.”

आयुष्यभर अण्णांनी तो शब्द प्रामुख्यानं जावयासाठीच वापरला होता. इतक्या महिन्यांनी तो योग्य पत्त्यावर पडत होता, आणि त्यामुळं की काय, अण्णांचं जेवण वाढलं.

मे तापला. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये मेणबत्ती उभी राहत नसे, वाकून पडे. कूलर एकच, तो अण्णांच्या खाटेला. पाणी पहाटे थोडा वेळ यायचं. विश्वास बादल्या भरायचा, अण्णांची दुपटी धुवायचा, तारेवर घालायचा, आणि ती वाळायच्या आत पुढची ओली व्हायची. त्याच्या बोटांच्या बेचक्यांत साबणानं भेगा पडल्या. जेवायला तो शेडच्या दारात बसायचा. त्याला ताट रामकलीचं मिळालं, चेपलेलं, आमटी एका बाजूला वाहत जाणारं. दुसरं ताट घरात नव्हतं असं नाही. पण शेडचं ताट ते होतं.

“ताट बदलून देऊ का?” एकदा सुनंदानं विचारलं.

“नको. आता मला त्याचा उतार कळलाय.”

कांचन पाचवीतून सहावीत गेली होती. पहिले काही दिवस ती शेडमध्ये जाऊन बसली, बाबा बाबा करत. मग एक दिवस तिच्या मैत्रिणी आल्या. विश्वास अंगणात अण्णांचं भांडं विसळत होता.

“वो कौन है?” एकीनं विचारलं.

कांचननं क्षणभर पाहिलं. “भैया हैं. काम करते हैं.”

सुनंदा खिडकीत, घरी आणलेल्या गणवेशाच्या शर्टाला काजं करत होती. तिला ऐकू गेलं. विश्वासलाही गेलं असणार, कारण भांडं विसळायचं थांबलं. मग त्यानं हात धुतले, आत गेला, सरबताचे ग्लास ट्रेमध्ये घालून घेऊन आला आणि थेट कांचनपुढं वाकला.

“बेबी, बर्फ और लाऊँ?”

मैत्रिणी खूश झाल्या. त्यांच्या घरी असं कुणी विचारत नसे. मैत्रिणी गेल्यावर कांचन शेडपाशी घुटमळली. “बाबा, राग आला?”

“छे. बक्षीस दे.”

तिनं त्याला अर्धी लिमलेटची गोळी दिली. दोघं हसली. सुनंदाला त्या हसण्याचा राग आला. का आला हे बघायला तिला वेळ नव्हता, जूनच्या आत गणवेशांचा गठ्ठा संपवायचा होता.

*

शेजारच्या क्वार्टरमध्ये सुचेताबाई आल्या त्या पुण्याहून. यजमान नुकतेच बदलून आलेले अधिकारी; मोठा बंगला मिळेपर्यंत तात्पुरती सोय. त्यांना गल्लीतलं काहीच माहीत नव्हतं आणि सगळं आवडत होतं. विश्वास अण्णांना संध्याकाळी पट्ट्यांत उचलून व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवायचा, दाढी करायचा, पावडर लावायचा. खुर्चीतले अण्णा लांबून बरे होत आलेल्या माणसासारखे दिसायचे. सुचेताबाई कुंपणाशी उभ्या राहून बघायच्या.

एका रविवारी त्या सुनंदाकडं आल्या.

“अहो, तुमचा माणूस काय हो! सख्खा मुलगा करणार नाही असं करतो.”

“हं,” सुनंदा म्हणाली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

“साकेत नगरला माझे मोठे दीर असतात. सासरे त्यांच्याकडं. अंथरुणालाच आहेत. दीर म्हणतात, असा माणूस मिळाला तर बारा हजार देईन, जेवून-खाऊन. तुम्हाला आधी विचारते हं. न विचारता कुणाचा माणूस फोडायचा नाही, हे आमच्याकडं कटाक्षानं पाळतात. पण तुम्ही दुसरा बघाल ना? तुम्हाला इथली माहिती आहे.”

सुनंदानं टाचणी कापडात खोचली. बारा हजारांतून अनावेदकानं कोर्टाचे चार दिले असते. आणि अण्णांना पुरुषमाणूस ठेवायचा तर आता नऊच्या खाली कुणी उभं राहत नव्हतं. रामकलीनं दुसऱ्या कुणाची शेड धरली होती, ती परत येणार नव्हती. विश्वासला नोकरी लागली, तर घरात पैसे येणार होते आणि घर बुडणार होतं. इतका सरळ हिशेब तिच्या आयुष्यात क्वचित आला होता.

“कामाला चांगला आहे,” ती म्हणाली.

“ते दिसतंच.”

“पण हाताला वस्तू चिकटतात जरा.”

सुचेताबाईंचा हात गळ्याकडं गेला. “अगंबाई! मग ठेवलाय कशाला?”

“स्वस्तात पडतो.”

सुचेताबाईंना ते लगेच पटलं.

*

दोन दिवसांत गल्लीला सगळं हरवलेलं आठवलं. समोरच्यांचा कूलरचा पंप गेला होता, तो विश्वासनं नेला. पाठकबाईंचा पोपट मागच्या पावसाळ्यात उडाला होता, तोही त्याच्या नावावर चढला. कुणाच्या पितळी घंटेपासून कुणाच्या स्कूटरच्या जादा चाकापर्यंत एकेक जुनी जखम भळभळू लागली. विश्वास एप्रिलच्या शेवटी आला आहे, ही अडचण कुणी मानली नाही. नरहरकाकांची कवळी सापडत नव्हती. ती त्यांच्याच कोटाच्या खिशात निघाली, तरी त्यांनी तक्रार मागं घेतली नाही. म्हणाले, “घाबरून परत ठेवली असणार. सराईत आहे.”

मग ते चारसहा जणांना घेऊन सुनंदाच्या अंगणात आले. सुनंदा नुकतीच कामावरून आली होती. विश्वास अण्णांचं भांडं रिकामं करून आणत होता, तो तसाच उभा राहिला.

“कंपनीच्या सिक्युरिटीला कळवायचं म्हणतात सगळे,” नरहरकाका म्हणाले.

सुनंदानं हिशेब केला. सिक्युरिटी आली की शेड पाहणार, शेड पाहिली की घरात येणार, घरात अण्णा.

“काका, सिक्युरिटी कशाला?” ती म्हणाली. “आपल्या आपल्यात...”

“मग काढून टाक त्याला.”

“अण्णांचं कोण करणार? तुम्ही?”

काकांनी भांड्याकडं पाहिलं आणि एक पाऊल मागं सरकले. फोरमन असताना त्यांनी अनेक तंटे मिटवले होते, हाही मिटवला. “असं करू. ठेवायचा तर झडती घेऊन ठेव. निघताना, येताना. कारखान्यात नाही का आपली घेतात? त्यात कसला कमीपणा!”

“मी दिवसभर कामावर असते.”

“पोरगी आहे की. शाळेला सुट्ट्याच आहेत. तिलाही शिस्त लागेल.”

सगळ्यांना हे फार आवडलं. विश्वासनं भांडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

“काका, मी काय चोरलं म्हणे?”

नरहरकाकांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. “ते महत्त्वाचं नाही,” ते सुनंदाला म्हणाले.

लोक गेल्यावर विश्वासनं भांडं पालथं घातलं, हात धुतले आणि खिडकीशी आला.

“सुचेताबाई सकाळी मला म्हणाल्या, आम्ही बारा हजार द्यायला निघालो होतो, देवानं वाचवलं. साकेत नगरला.”

सुनंदा कॉलर उलटी करत होती.

“तू सांगितलंस?”

“अण्णांच्या खाटेवर ऊन आलंय. खाट सरकवा.”

“मी जाईन असं वाटलं तुला?”

“दिवाळीपर्यंत मला माणूस पाहिजे. पैसे नकोत, माणूस पाहिजे.” तिचा आवाज चढला. “तुमचे चार हजार घेऊन मी कुणाला आणू? पाठीची जखम कोण धुणार? मी धुवू की शिवू?”

“मीच धुतली असती,” विश्वास म्हणाला. “साकेत नगर कुठं लांब आहे? पहाटे पाण्याच्या वेळेला इथं यायचं, अण्णांचं आवरायचं आणि कामावर जायचं. संध्याकाळी परत एक फेरी. सायकल आहे. आठ हजार तुला दिले असते, मला काय लागतं?”

कात्री सुनंदाच्या हातात तशीच राहिली. हे तिच्या हिशेबात आलंच नव्हतं. सगळं आलं होतं, हे नव्हतं.

“तुम्ही बोलला का नाहीत?”

“तू विचारलं का नाहीस?”

आतून अण्णांनी हाक मारली. त्यांच्याकडं एकच हाक होती. विश्वास आत गेला आणि पट्टे खोचू लागला.

आता शेजारी जाऊन खरं सांगता आलं असतं. सुचेताबाईंचं दार पंधरा पावलांवर होतं. सुनंदा चप्पल घालून फाटकापर्यंत गेलीही. पण ‘मी खोटं बोलले’ असं म्हटलं, की पुढं ‘का’ आलं, आणि ‘का’ला ‘तो माझा नवरा होता’ आलं, आणि मग शेड, चेपलेलं ताट, भैया, सगळंच सांगावं लागलं असतं. ती फाटकाची कडी नीट लावून परत आली.

कांचननं तिला गाठलं. “आई, बाबा चोर आहेत?”

नाही म्हटलं तर पोरगी ते गल्लीभर करणार होती.

“बघत जा, एवढंच,” सुनंदा म्हणाली.

*

कांचननं ते काम मनापासून घेतलं. दारात स्टूल टाकलं. वर्गाची मॉनिटर झाली होती तेव्हाची पट्टी शोधून काढली आणि पिशवीत ढवळायला घेतली. पहिल्या दिवशी तिला हसू येत होतं, विश्वासलाही. दुसऱ्या दिवशी पाठकबाई बघायला थांबल्या, म्हणून ती हसली नाही. त्यानंतर पैसे साठवायचा आपला गुल्लक तिनं शेल्फावरून काढून आईच्या कपाटात ठेवायला दिला. “कुलूप लाव,” म्हणाली. सुनंदानं लावलं. शेडमध्ये जाणं तिनं सोडलं होतं.

रविवारी दुपारी विश्वास गिरणीवर निघाला. सुनंदा खिडकीत मशीनवर होती. बाहेर रस्ता पांढरा पडला होता. गल्लीत माणूस नव्हतं, कुत्रंसुद्धा नाल्यात शिरलं होतं. सगळ्यांची दारं बंद, कूलर चालू.

विश्वास दारात आला, थांबला, आणि सांगायच्या आधीच त्यानं पिशवी दोन्ही कानांना धरून उघडी केली. आत गव्हाचा डबा. कांचननं मान वाकवून पाहिलं, अगदी अण्णांसारखी.

“झाकण.”

त्यानं झाकण काढलं. तिनं पट्टी गव्हात खुपसली, तळापर्यंत फिरवली. मग पट्टी पुरेना म्हणून हात घातला, कोपरापर्यंत.

“खिसे.”

त्यानं खिसे उलटे करून बाहेर काढले. एकात काही नव्हतं. दुसऱ्यातून लिमलेटच्या गोळीचा कागद पडला. अर्ध्या गोळीचा, केव्हाचा. कांचननं तो उचलला, उलटसुलट केला आणि स्टुलाखाली ठेवून दिला. जप्त केल्यासारखा.

मशीन थांबलं होतं. सुनंदाचा पाय पायपट्टीवर होता, पण दाबला जात नव्हता. आता मैत्रिणी नव्हत्या, पाठकबाई नव्हत्या, नरहरकाका नव्हते. ऐकायला कुणीच नव्हतं. आता ती हसेल, सुनंदाला वाटलं. आता ती त्याला बाबा म्हणेल.

कांचननं गव्हाचा हात फ्रॉकला पुसला.

“ठीक है, भैया,” ती म्हणाली. “जाओ.”

विश्वासनं खिसे आत ढकलले, झाकण लावलं आणि सायकल उन्हात घातली. सुनंदानं पाय दाबला. सुई धावली. शेवटाला गेल्यावर तिनं पाहिलं, कॉलर उलटी लागली होती.